तंबूत नसलेला शब्द

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. त्यामुळे ते निवृत्त शिक्षक असणार असं आम्ही मराठी घरांनी धरून ठेवलं आणि बाकीच्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला. बी ब्लॉकमधल्या एका बाईंनी एकदा लिफ्टपाशी आदरानं विचारलं, "सर, आप कौन सा सब्जेक्ट पढ़ाते थे?"

मास्तर म्हणाले, "उल्टा लटकना."

बाईंना ते योगासन वाटलं. पुढच्या रविवारी सकाळी त्या आणि त्यांच्या मैत्रिणी चटया घेऊन मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी त्यांना आत बोलावलं, गॅलरीचा गज दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं, "ये नहीं झेलेगा." बायका चहा पिऊन परत गेल्या.

सर्कशीत वाघ शिकवणारा मास्तर, सायकल शिकवणारा मास्तर, झुल्यावरचा जुना माणूसही मास्तर. हे मला पुढे कळलं. आमचे मास्तर झुल्यावरचे. झुल्याला गुडघे अडकवून उलटं लटकायचं आणि समोरच्या झुल्यावरून हात सोडून हवेत आलेल्या माणसाला झेलायचं, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. मूळचे तासगावकडचे. म्हातारपणी मुलीकडे गाझियाबादला, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले.

मी ऑडिटमध्ये नोकरी करतो. कागद नसेल तर मी आकडा मान्य करत नाही आणि पाहिलं नसेल तर लिहायला माझा हात धजत नाही. मास्तरांबद्दल पुढे लिहितो आहे ते एक तर मी पाहिलेलं आहे किंवा त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ऐकलेल्यातलं सगळं खरं असेलच असं मी म्हणणार नाही. तिकिटांचा आख्खा गठ्ठा खाऊन हत्तीणीनं सर्कशीचा खेळ फुकट केला, ही गोष्ट त्यांनी मला तीन वेगवेगळ्या गावांची म्हणून सांगितली होती.

पण काही गोष्टी तपासायची गरज नव्हती, त्या दिसायच्या. मास्तर कुणाशी हात मिळवत नसत, सरळ मनगट पकडत. पकड अशी, की समोरच्याचा हात काही वेळ त्याचा राहत नसे. लेंग्याच्या खिशात टाल्कम पावडरचा छोटा डबा असायचा. काही महत्त्वाचं करायच्या आधी ते तळहातांना पावडर चोळत. बँकेत सही करताना, डॉक्टरला नाडी दाखवताना, आणि माझ्या बायकोच्या हातची पुरणपोळी ताटात पडल्यावरसुद्धा. कुठल्याही हॉलमध्ये शिरले की आधी माणसं बघायची सोडून छत बघत. एका लग्नात नवरीच्या बापानं हात जोडले तेव्हा हे वरच्या झुंबराकडे बघत होते. ते म्हणाले, "चांगलं आहे." बापाला वाटलं जावई.

आणि त्यांची बोली. घरात ती बोलायची त्यांना बंदी होती. मुलीनं सांगून ठेवलं होतं, "आबा, इथे लोकांना शिक्षक वाटताय ना, मग वाटू द्या. ते सर्कशीतलं बोलणं नको." ती एका सरकारी कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होती. नवरा नोकरीनिमित्त बाहेरगावी, मुलगी शिकायला पुण्याला. सगळं एकटीनं निगुतीनं चालवणारी बाई. मास्तर तिचं ऐकत आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर मला गाठून दिवसभराचं साठलेलं बोलून टाकत.

तंबूबाहेरची सगळी माणसं त्यांच्या बोलीत 'कोरडी'. मीही कोरडा. "अहो, तुम्हाला घाम येतो, पण तो फॅन बंद पडल्याचा. तो धरत नाहीत," असं त्यांनी मला समजावलं होतं. दिवे बंद करायचे म्हणजे 'झोपवायचे'. प्रेक्षक म्हणजे 'हौस'. "आज हौस बरी आहे" म्हणजे खुर्च्या भरल्यात. मी म्हटलं, मास्तर, हा इंग्रजी शब्द, हाऊस. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "माणसं तंबूत कशाला येतात? राहायला? हौस म्हणूनच येतात ना?" त्यांची व्युत्पत्ती चुकीची होती पण अर्थ बरोबर होता.

वाघाला वाघ म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. सर्कशीत जनावरं होती त्या काळातली ही रीत. एकदा बाकावर ते मला रंगात येऊन सांगत होते, "मामा पिंजऱ्याबाहेर आला, तो थेट मॅनेजरच्या राहुटीत जाऊन झोपला." शेजारी मुंबईहून आलेले एक पाहुणे बसले होते. मुंबईत मामा म्हणजे पोलीस. ते म्हणाले, "ड्युटीवर होता का?" मास्तर म्हणाले, "नाही, जेवला होता. जेवल्यावर मामा काही करत नाही." पाहुण्यांनी पटल्यासारखी मान हलवली.

अशाच एका संध्याकाळी त्यांच्या बायकोचा विषय निघाला. मीच काढला, सहज. ते पावडरचा डबा उघडून बसले होते. म्हणाले, "ती धनबादला उतरली."

मी पुढे विचारलं नाही. विचारायचं काही उरलंय असं वाटलं नाही, कारण उरलेली गोष्ट आमच्या घरी आधीच येऊन पोहोचली होती. हळदीकुंकवाला मास्तरांची मुलगी माझ्या बायकोला म्हणाली होती, "वहिनी, मला आईचं काही विचारू नका. मी चार वर्षांची असताना ती आम्हाला सोडून गेली. सर्कशीची गाडी चालली होती, ही मध्येच धनबादला उतरली, कुणाबरोबर तरी. मी गावी आत्याकडेच असायचे, तिनंच मला वाढवलं. घरात मी तिचा फोटो ठेवत नाही." आई मूळची केरळची, सर्कशीतच वाढलेली. तासगावकडच्या त्या घरानं तिला कधी आपली मानलंच नव्हतं. मुलगी हे सांगताना रडली नाही, असं बायको म्हणाली. पगाराची तारीख सांगावी तसं तिनं सांगितलं.

बापाचं सांगणं आणि मुलीचं सांगणं शब्दाला शब्द जुळत होतं. दोन्हीकडे धनबाद, दोन्हीकडे उतरली. मी ते मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

मग गणपती आले. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा मांडव दरवर्षी कम्युनिटी हॉलमध्ये असतो. मंडळाचे सेक्रेटरी हे तापट गृहस्थ. हिशोबावरून कुणी काही बोललं की "मी राजीनामा देतो" म्हणायचे आणि आम्ही त्यांना परत बसवायचो. त्या दिवशी सकाळी ते स्टुलावर चढून स्टेजमागे तोरण बांधत होते, मास्तर खाली स्टूल धरून उभे. आम्ही बाकीचे बाहेर सतरंज्या घालत होतो. धाडकन आवाज झाला. पाठोपाठ मास्तर पडद्याआडून आले आणि शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी उतरले."

"उतरले?" खजिनदार म्हणाले. "आज? आज आरतीच्या दिवशी?"

"मी म्हटलं नव्हतं, यंदा ते सोडणार म्हणून!" दुसरे म्हणाले.

"अरे यार, पण काही सांगायची पद्धत असते ना. लेखी दिलंय का काही?"

"लेखी कसं देतील?" मास्तर म्हणाले. "हात धरलाय त्यांनी."

"कुणाचा हात धरलाय? विरोधी गटाचा?"

नवा सेक्रेटरी कोण यावर सतरंजीवर बसून रीतसर चर्चा सुरू झाली. दोन नावं पुढे आली, एकानं नम्रपणे नकार दिला आणि मग थोड्या आग्रहानं होकार दिला. तेवढ्यात पडद्यामागून सेक्रेटरींचा आवाज आला, "अरे, कुणी आहे का जिवंत? मी पडलोय इथे!" मनगट मुरगळलं होतं आणि स्टूल अंगावर होतं.

दवाखान्यातून परत आल्यावर सगळे हसत होते, सेक्रेटरी सोडून. मी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, पडले असं सरळ का नाही सांगितलं?"

मास्तर दचकले. त्यांनी आधी वर पाहिलं, हॉलच्या छताकडे. तिथे पंख्याशिवाय कुणी नव्हतं.

"तो शब्द तंबूत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पाऊस उतरतो, भाव उतरतो, माणूस उतरतो. ते दुसरं काढायचं नाही. वर कुणी झुल्यावर असताना खालून तो शब्द कानावर गेला तर वरच्याचा हात ओला होतो."

"म्हणजे उतरला म्हणजे..."

"उतरला म्हणजे उतरला. आता तुम्हाला किती सांगू?"

मी मान हलवली आणि सतरंजीचं टोक सरळ करायला वाकलो. वाकल्यावर माझ्या लक्षात आलं. मी टोक तसंच सोडून सरळ झालो. मांडवात माणसांची ये-जा होती, म्हणून मी त्यांना बाहेर, जिन्यापाशी नेलं.

"मास्तर, तुमची बायको धनबादला उतरली म्हणालात."

"हो."

"कुठून उतरली?"

"कुठून म्हणजे? वरून." ते म्हणाले. मग खिशातला डबा काढून तळहाताला पावडर चोळायला लागले. "मीच होतो समोर. माझ्याच हातात यायची होती."

मी जिन्यावर बसलो. तेही बसले. मग मी विचारलं, "मुलीला माहीत आहे?"

"माहीत आहे की. तिला सगळं आधीपासून माहीत आहे. आम्ही दौऱ्यावर होतो, मला तेव्हा निघता आलं नाही. आमच्याकडचा एक तंबूवाला गावाकडे निघाला होता, त्याच्याबरोबर बहिणीला निरोप पाठवला, ती धनबादला उतरली म्हणून सांग. मी गेलो तेव्हा जवळजवळ वर्ष झालं होतं. बहीण म्हणाली, 'गेली ती, आता पोरीकडे बघ.' पोरगी मांडीवर येऊन बसली. म्हणाली, 'आबा, आई गेली ना?' मी म्हटलं, 'हो बाळा, गेली.' त्यानंतर आम्ही विषय काढला नाही. कशाला काढायचा? दोघांनाही त्रास."

ऑडिटमध्ये अशी एक जागा येते. दोन्ही वह्यांत एकच आकडा असतो, बेरीज जुळते, सह्या असतात, आणि तरी तो आकडा दोन वेगळ्या गोष्टींचा असतो. तेव्हा मी शेरा लिहितो आणि फाईल वर पाठवतो. इथे पाठवायला वर कुणी नव्हतं. बोलू की नको असं फार वेळ झालं नाही मला. म्हातारा माणूस होता, आज आहे उद्या नाही, आणि ती बाई आईला दोष देत पन्नाशीला आली होती.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमच्या मुलीला वाटतं की तिची आई गाडीतून उतरली. धनबाद स्टेशनवर. तुम्हा दोघांना सोडून गेली, असं आत्यानं तिला सांगितलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी जे विचारलं ते मी अजून विसरलेलो नाही.

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही हो. तसं त्यांना वाटलं."

"माझ्या बहिणीला वाटलं?"

"हो."

बहीण केव्हाच वारली होती. ज्याच्यावर रागवावं असंही त्यांना कुणी उरलं नव्हतं. आत आरती सुरू झाली होती, टाळांचा आवाज येत होता. मास्तर म्हणाले, "तुम्ही सांगा तिला. तुम्ही कोरडे आहात, तुम्हाला चालतं."

"मी नाही सांगणार. माझ्याकडून ऐकलं तर तिला ते कधीच पुरणार नाही."

"मला तो शब्द काढावा लागेल."

"काढावा लागेल."

"इतकी वर्षं काढला नाही."

"म्हणूनच हे झालं, मास्तर." मी जरा कठोर बोललो. मला दुसऱ्या तऱ्हेनं बोलता येत नाही.

विसर्जन झालं. मास्तर बागेत येत, बाकावर बसत. नुसता डबा उघडायचा आणि बंद करायचा. मी विचारायचो, "सांगितलं?" ते म्हणायचे, "आज तिला ऑफिसमध्ये मीटिंग होती." दुसऱ्या दिवशी, "आज तिचं डोकं दुखतंय." पितृपक्ष लागला. मी म्हटलं, "मास्तर, नवमी जवळ आली." नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढतात. धनबादला गेलेल्या त्या बाईच्या नावानं या घरात कधीच पान वाढलं गेलं नव्हतं. मास्तर एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी तुम्ही दोघं या. हौस हवी. एकट्यानं नाही जमायचं."

रविवारी आम्ही गेलो. मुलीनं पोहे केले होते. तिला वाटलं सहज आलोत. माझ्या बायकोला मी काही सांगितलं नव्हतं, फक्त गप्प बस म्हटलं होतं, आणि ती त्यामुळेच घाबरून बसली होती. मास्तर आतल्या खोलीतून बाहेर आले ते हात पांढरे करूनच. खुर्चीत बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"तुझी आई," ते म्हणाले.

"आबा, आत्ता? लोक बसलेत."

"तुझी आई धनबादला उतरली."

"माहीत आहे मला." ती पोह्यांवर कोथिंबीर पेरत होती, तिचा हात थांबला नाही. "उतरली, गेली, झालं. दादा, तुम्ही लिंबू घ्या ना."

"उतरली म्हणजे..." मास्तर थांबले. त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या डोक्यावर बैठकीतला साधा ट्यूबलाइट होता. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. माझी बायको उठायला लागली, मी तिला बसवलं.

"पडली," मास्तर म्हणाले.

मुलीनं मान वर केली.

"पडली. स्टेशनवर नाही. झुल्यावरून. तिनं हात सोडला, माझ्याकडे आली, माझी बोटं तिच्या मनगटाला लागली आणि पडली. जाळी होती, जाळीच्या कडेला पडली. दवाखान्यात नेईपर्यंत होती. पडली ती. पडली." एकदा सुटल्यावर तो शब्द त्यांना थांबवता येईना. 'पडली, पडली' असं ते म्हणतच राहिले, जणू इतक्या वर्षांचे सगळे एकदमच बाहेर येत होते.

"आबा, पुरे," ती म्हणाली. "आबा. पुरे."

ते थांबले.

तिच्या हातातली कोथिंबीर तशीच होती. ती एकदा माझ्याकडे बघायची, एकदा त्यांच्याकडे. मग लहान मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "म्हणजे आई गेली म्हणजे... गेली?"

"हो बाळा," मास्तर म्हणाले. "गेली."

मग ती रडली. मी माणसांना रडताना पाहिलं आहे, पण कुणी आनंदानं रडतंय की दुःखानं, हे मला पहिल्यांदाच कळलं नाही. मध्येच ती आत्याला अगदी वाईट शिवी द्यायची आणि मध्येच म्हणायची, "मला सोडून नव्हती गेली, वहिनी. सोडून नव्हती गेली." माझी बायको तिला धरून बसली. मास्तर भिंतीशी उभेच होते. त्यांच्याजवळ जावं असं मला वाटलं, पण ती जागा माझी नव्हती. थोड्या वेळानं तीच उठून गेली.

नवमीला तिनं रजा घेतली. जेवायला सवाष्ण म्हणून माझ्या बायकोला बोलावलं. आईला काय आवडायचं हे तिला कुठून माहीत असणार? तिनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "उकडलेलं अंडं. झुल्यावर जाणाऱ्याला पोट हलकं ठेवावं लागतं. बाकी सगळं ती माझ्या ताटात टाकायची, अंडं मात्र कुणाला द्यायची नाही. मीठ नको म्हणायची. वर लिंबाच्या लोणच्याचा खार."

तिनं सगळा स्वयंपाक केला. वरण-भात, खीर, भाज्या, वडे. आणि पानात, जिथे आपण चटणी वाढतो तिथे, उकडलेल्या अंड्याची दोन अर्धुकं, वर लोणच्याचा खार. मी दारातूनच पाहिलं आणि मला संकोच वाटला. आमच्या घरात अंडं येत नाही. माझ्या बायकोनं आयुष्यात ते कधी तोंडात घातलेलं नव्हतं. ऑफिसच्या पार्टीतला केकसुद्धा ती विचारून खाते. हे मुलीच्या लक्षात आलं नसावं, आणि आता सांगायची वेळ गेली होती.

मास्तर समोर बसले होते. ते माझ्या बायकोकडे बघत नव्हते, पानाकडे बघत होते.

बायकोनं पानाभोवती पाणी फिरवलं. आधी खिरीला हात लावेल असं मला वाटलं. तिनं अंड्याचं अर्धुक उचललं, खारासकट तोंडात घातलं आणि सावकाश खाल्लं. मग दुसरं. तिचा चेहरा जराही बदलला नाही.

मुलगी अंड्यांचा वाडगा घेऊन जवळ आली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "वहिनी, आणखी वाढू?"

बायकोनं पान थोडं पुढे सरकवलं.

"वाढ," ती म्हणाली.